अकोल्याची वाट

एकांताची थोरवी गाणारीं माणसें बहुधा एकटीं राहाणारीं नसतात. ज्याच्या घरीं सायंकाळीं स्वतःच्या चपलांखेरीज दुसरा आवाज होत नाहीं, त्याला शेजाऱ्यानें नुसती हांक मारली तरी सण झाल्यासारखें वाटतें. एकांताची खरी ओढ लागते ती भरल्या घरांतल्या माणसाला. आमची गणना ह्या दुसऱ्या वर्गांत होते. त्यामुळें २०२० सालच्या मार्च महिन्यांत जेव्हां वर्तमानपत्रें आणि दूरचित्रवाणी 'एकांतवास', 'विलगीकरण', 'सुरक्षित अंतर' ह्या शब्दांचा घोष करूं लागलीं, तेव्हां आमच्या घरांत केवढा हशा पिकला असेल, हें एकत्र कुटुंबांत राहाणाऱ्या वाचकांना वेगळें सांगावयास नको. सात खोल्या, एक मोरी आणि अकरा माणसें! ह्या हिशेबांत सहा फुटांचें अंतर बसवावयाचें कोठें?

आमचें घर अमरावतीच्या अंबापेठेंत आहे. आई, वय चौऱ्यायशीं. दादा आणि वहिनी. आम्ही व आमचें कुटुंब. पुतण्या, सूनबाई आणि त्यांचीं दोन मुलें. पुण्यास नोकरीला असलेला, पण टाळेबंदीच्या दोन दिवस आधीं घरीं येऊन पोंचलेला आमचा चिरंजीव. आणि महाविद्यालयांत शिकणारी आमची कन्या. इतकीं माणसें इतकीं वर्षें एका छपराखालीं गोडीनें राहात होतीं, ह्याचें श्रेय आम्ही आमच्या घराण्याच्या संस्कारांना देत असूं. तें श्रेय वास्तविक घड्याळाचें होतें. सकाळीं दहा वाजले कीं घर ओसरलेल्या ओढ्यासारखें रिकामें होई. कोणी कचेरींत, कोणी शाळेंत, कोणी महाविद्यालयांत. अकरापासून चारपर्यंत घरांत उरत त्या बायका. सायंकाळीं माणसें परत येत तीं एकमेकांचीं थोडीं विसरून आलेलीं असत, आणि म्हणून एकमेकांस हवींशीं वाटत.

२२ मार्चला रविवार होता; त्या दिवशीं जनता संचारबंदी झाली. २४ च्या रात्रीं एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी पुकारली गेली, आणि २५ ला गुढीपाडवा उजाडला. गुढी उभारली, अंगणांतल्या कडुनिंबाचा पाला वाटून झाला, पण अंबादेवीच्या दर्शनाला घरांतलें कोणी गेलें नाहीं. आमच्या आठवणींत असा पाडवा तो पहिलाच. त्या दिवसापासून घराचा ओढा ओसरेनासा झाला. पुतण्याची कचेरी माजघरांत, चिरंजीवांची माडीवर, नातवंडांची शाळा देवघराशेजारीं मोबाईलवर. कामवाली बाई येईनाशी झाली. जेवणाच्या दोन पंक्ती आणि चहाचे सहा घाणे. २८ मार्चपासून दूरदर्शनवर जुनें 'रामायण' पुन्हा दाखवूं लागले. तें सर्वांनी एकत्र बसून भक्तिभावानें पाहिलें, आणि बंधुप्रेमाच्या त्या कथेवरून उठून आम्ही दोघे भाऊ मोबाईलच्या चार्जरवरून भांडलों. आमच्या वयाला तें शोभलें नाहीं हें आम्हांस मान्य आहे.

एकांतासाठीं गच्चीवर जावें म्हटलें, तर तेथें बायकांनीं कुरडया, पापड आणि सांडगे वाळत घातलेले. शिवाय वऱ्हाडचा उन्हाळा; पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर चढला म्हणजे गच्चीची फरशी भाकरीच्या तव्याशीं स्पर्धा करते. खालीं उतरावें तर प्रत्येक खोलींत कोणी ना कोणी कोणाशीं तरी बोलत असलेलें. आम्ही एकदां कोठीच्या खोलींत, गव्हाच्या कणगीच्या आड, अर्धा तास नुसते बसून राहिलों होतों. वहिनी तांदूळ घ्यावयास आल्या आणि आम्हांस तेथें पाहून कांहीं न बोलतां परत गेल्या. तें न बोलणें पुढें आम्हांस पुष्कळदां आठवलें.

आमच्या आजीच्या तोंडून लहानपणीं आम्हीं जुन्या सांथींच्या गोष्टी ऐकल्या होत्या. १९१८ सालीं, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, इन्फ्लुएंझाची जी सांथ जगभर पसरली तिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. मध्यप्रांत-वऱ्हाड हा त्या सांथींत सर्वांत अधिक पोळलेल्या प्रांतांपैकीं एक होता. आणि १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली, ती मुख्यतः ह्या मानमोडीमुळें. त्याच्याही आधींची सांथ प्लेगची. १८९६ मध्यें ती मुंबईंत उतरली. तिला आवर घालण्यासाठीं १८९७ चा साथरोगांचा कायदा झाला. आणि तोच कायदा सव्वाशें वर्षांनीं, मार्च २०२० मध्यें, महाराष्ट्र सरकारनें पुन्हा हातीं घेतला. कायदा तोच खरा, पण त्या काळची वागणूक अगदीं उलटी. घरांत उंदीर पडला कीं लोक घराला कुलूप लावून गांवाबाहेर झोपड्या घालून राहात. त्या वेळीं घर सोडून रानांत जावयाचें. ह्या वेळीं रान सोडून घरांत बसावयाचें. आजी नवी सून असतांना त्या झोपड्यांत दोन-अडीच महिने राहिली होती. तिची आठवण मोठी चमत्कारिक होती. ती म्हणे, "भीति तर होतीच रे, पण झोपडींत गेलं कीं सासूबाईंचं सोंवळं थोडं सैल व्हायचं. नदीवर जायला मिळायचं. मोकळं वाटायचं." सांथ मरणाची आणि आठवण मोकळेपणाची! आम्ही ती गोष्ट गंमत म्हणून ऐकत आलों. तिच्यांत हंसण्यासारखें फारसें नाहीं, हें समजावयास आमची एकसष्टी उलटावी लागली.

एप्रिल-मे महिन्यांत पहांटे दूध आणण्याचें काम आम्हीं आपण होऊन मागून घेतलें. घरांत सर्वांना आमच्या सेवावृत्तीचें कौतुक वाटलें. आतली गोष्ट आम्हांसच ठाऊक. ती दहा मिनिटें आमचीं एकट्याचीं होतीं. पुढें राज्य सरकारच्या ३१ मेच्या आदेशानें ३ जूनपासून सकाळीं पांच ते सायंकाळीं सात ह्या वेळांत जवळपासच्या मोकळ्या जागीं चालण्या-फिरण्याची मुभा मिळाली. पासष्टीपुढच्यांनीं घरांतच राहावयाचें होतें, म्हणून दादा उंबऱ्याच्या आंत राहिले. आम्ही साडेपांचला बाहेर पडूं लागलों.

त्या दिवसांतली ती वाट आम्हांस अजून पाऊलवार आठवते. अंबापेठेंतून निघून राजापेठ, आणि राजापेठेवरून बडनेऱ्याच्या रस्त्यानें थोडें पुढें, तेथून माघारीं. ह्याच रस्त्यानें आम्ही तीस वर्षें नोकरीवर गेलों-आलों, पण तो रस्ता आम्हीं पाहिला होता तो दुसऱ्याच्या गाडीच्या पाठीमागून. आतां तो धुवून वाळत घातल्यासारखा मोकळा पडलेला होता. अमरावती-बडनेरा फांट्यावरच्या रुळांची चकाकी जाऊन त्यांवर तांबूस रंग चढूं लागला होता. भोंगे नाहींत, धूर नाहीं. बंद दुकानांच्या फळ्यांवर चिमण्या बसत. एका बंगल्याच्या कुंपणांतला बहावा उशिरां फुलून अजून पिवळा होता, आणि त्याच्या पाकळ्या कोणी झाडून काढीत नसल्यामुळें तेवढी सडक हळदीच्या अंगणासारखी दिसे. मृग लागला, एक-दोन सरी पडून गेल्या, मातीचा वास आणि कडुनिंबाच्या पिकल्या निंबोळ्यांचा वास एकमेकांत मिसळून गेला. पहिले दोन-चार दिवस आम्ही मनांतल्या मनांत भांडतच चालत होतों. मग पायांना एक लय सांपडली, आणि भांडणाचे शब्द त्या लयींत बसेनात म्हणून आपोआप गळून पडूं लागले. अर्ध्या तासानें परत येतांना मन निवळलेल्या पाण्यासारखें झालेलें असे.

येथपर्यंत सारें ठीक होतें. पण मनुष्याला शांति मिळाली कीं तो ती गुपचूप भोगीत नाहीं. तिच्यावर प्रवचन करूं लागतो. घरीं येऊन चहाचा पेला हातीं घेतला कीं आम्ही बोलूं लागत असूं. शांति कशी बाहेर नसून आंत असते, मनुष्यानें दिवसांतून अर्धा तास तरी स्वतःच्या सोबतींत कसें घालवावें, वगैरे. दादा वर्तमानपत्र वाचीत, मुलें मोबाईल पाहात, आणि आमचें तें निरूपण मन लावून ऐकणारें एकच माणूस मोरीवर बसून आमच्याच चहाचे पेले विसळीत असे. एके दिवशीं वहिनींनीं तोंड वर करून विचारलें,

"भाऊजी, काय असतं हो तिथे?"

"कुठे, वहिनी?"

"तुम्ही रोज जातां तिथे. राजापेठेच्या पुढे."

"तिथे कांहीं नसतं. तेंच तर सुख आहे!"

"असेल बाई," असें म्हणून त्या पुन्हा पेल्यांकडे वळल्या.

आमच्या वहिनी माहेरच्या अकोल्याच्या. जठारपेठेंत त्यांच्या वडिलांचें घर. लग्न होऊन छत्तीस वर्षें झालीं. ह्या छत्तीस वर्षांत त्या घराबाहेर पडल्याच नाहींत असें नव्हे. मंडईंत गेल्या, मुलांना शाळेंत पोंचवावयास गेल्या, अंबादेवी-एकवीरेची ओटी भरावयास गेल्या, कोणाच्या बारशाला, कोणाच्या समाचाराला गेल्या. पण हातांत पिशवी, ताट किंवा मुलाचें बोट नाहीं, आणि पायांपुढें काम नाहीं, अशा रीतीनें त्या ह्या गांवच्या रस्त्यावरून एकदां तरी चालल्या असतील काय? आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. तसा एकही प्रसंग आम्हांस आठवेना. 'उगाच फिरणें' हा शब्द आमच्या घरांत पुरुषांच्या बाबतींत आरोग्य ह्या अर्थीं, आणि बायकांच्या बाबतींत दोष ह्या अर्थीं वापरला जात असे. तसा नियम कोणीं केला नव्हता. म्हणूनच तो कोणाला मोडतां आला नव्हता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं अकोल्याहून टेलिफोन आला. वहिनींचे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असूं, वृद्धापकाळानें घरींच वारले. वय अठ्ठ्यायशीं. सांथीचा त्यांच्या मृत्यूशीं कांहीं संबंध नव्हता; परंतु सांथीचा मृत्यूंतल्या प्रत्येक गोष्टीशीं संबंध येऊन बसला होता. मुंबई, पुणें, सोलापूर ह्यांच्या बरोबरीनें अकोला आणि अमरावती ह्या दोन्ही महानगरपालिका तेव्हां तांबड्या क्षेत्रांत होत्या. रेल्वे आणि एस. टी. आमच्या उपयोगाच्या नव्हत्या. जिल्ह्याची हद्द ओलांडावयास पोलिसांचा परवाना हवा. अंत्यविधीस मोजकींच माणसें. परवाना कदाचित् मिळाला असता, पण वहिनींच्या भावानेंच सांगितलें, "ताई, तूं येऊं नकोस. आमच्या मागची गल्ली बंद केली आहे. तुझ्या घरीं चौऱ्यायशीं वर्षांच्या सासूबाई आहेत. तूं आलीस, आणि परत जातांना कांहीं घेऊन गेलीस तर?" त्या बोलण्यांत अन्याय कोठेंच नव्हता. शंभर किलोमीटरांचें अंतर. एरवीं सकाळीं जाऊन रात्रीं परत यावें असें. वहिनींनीं "बरं" एवढेंच म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें मोबाईलवर अंत्यदर्शनाची सोय केली. त्या लहानशा कांचेंत अण्णांचा चेहरा दिसला, मग कोणाचा तरी हात मध्यें आला, मग नुसतें छत दिसूं लागलें. वहिनींनीं तो मोबाईल पालथा ठेवला. लेकीचें तीन दिवसांचें सुतक. "माडीवर जाऊन पडून राहा, कशाला हात लावूं नकोस," असें आईनें मायेनें सांगितलें. पण दोन प्रहरीं पाहातों तों वहिनी मोरीवर भांड्यांचा ढीग घेऊन बसलेल्या. "हाताला कांहींतरी हवं हो," असें त्या आईला म्हणाल्या. त्या घरांत दहा माणसें होतीं, आणि रडावयास एकही रिकामी खोली नव्हती. भांडीं घांसतांना निदान आवाज तरी होतो.

तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही चपला घालीत असतां वहिनी दारांत येऊन उभ्या राहिल्या. तोंडाला मुखपट्टी, डोईवर पदर, आणि हात रिकामे.

"भाऊजी, मला आज चालायला यायचं आहे."

"चला ना."

"पण वाटेंत कांहीं बोलूं नका."

आम्ही बोललों नाहीं. त्या पुढें आणि आम्ही दहा-बारा पावलें मागें, असे निघालों. आमची चाल फिरावयास निघालेल्या माणसाची. वहिनींची चाल गाडी गांठावयाची असलेल्या माणसाची. राजापेठ मागें पडली. रोज आम्ही जेथून माघारीं वळतों ती जागा आली आणि गेली. नवाथे चौक आला. आम्हांस आतां दम लागूं लागला. पण हांक मारण्याचें धैर्य झालें नाहीं. हा रस्ता पुढें बडनेऱ्याला जातो, आणि बडनेरा ओलांडून मूर्तिजापुरावरून अकोल्यास. ही गोष्ट आम्हांस पन्नास वर्षें ठाऊक होती. त्या सकाळीं ती आम्हांस प्रथम कळली.

बडनेऱ्याच्या अलीकडे पोलिसांनीं लोखंडी अडसर लावून नाका केला होता. तेथें एक तरुण शिपाई खुर्चीवर बसला होता. रात्रपाळीनें डोळे तांबारलेले. तो उठून उभा राहिला.

"काकू, कुठे निघाल्या?"

"अकोल्याला," वहिनी म्हणाल्या.

शिपायानें त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलें, मग मागून धापा टाकीत येणाऱ्या आमच्याकडे पाहिलें. आम्हीं खुणेनें काय सांगितलें तें आमचें आम्हांस आठवत नाहीं. त्यानें परवाना मागितला नाहीं, कायद्याची भाषा केली नाहीं. आपली खुर्ची उचलून कडुनिंबाखालीं नेऊन ठेवली, रुमालानें पुसली, आणि "बसा काकू थोडं," एवढें म्हणून तो पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. वहिनी बसल्या. अडसराच्या पलीकडे रस्ता सरळ गेलेला दिसत होता. त्यावर एकही वाहन नव्हतें. त्या रस्त्याकडे पाहात त्या पांच मिनिटें बसल्या असतील, पंधराही असतील. मग पदरानें डोळे टिपून उठल्या.

"झालं. चला भाऊजी."

परततांना त्या आपण होऊन बोलूं लागल्या. "माहेरपण संपलं कीं अण्णा मला स्टँडवर पोंचवायला यायचे. रिक्षा कधीं केली नाहीं. माझी पिशवी त्यांच्या हातांत, आणि घरापासून स्टँडपर्यंत चालत. वाटेंत फारसं बोलायचे नाहींत. एस. टी. सुटेपर्यंत उभे राहायचे, आणि सुटतांना खिडकीशीं येऊन म्हणायचे, 'पोंचल्याचं पत्र टाक.' घरोघर टेलिफोन आले तरी म्हणायचे पत्रच." थोडें अंतर चालल्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनीं मला इतक्या वेळां पोंचवलं. आम्हां बायकांना स्मशानांत तसंही कोणी नेत नाहीं. पण दारापर्यंत तरी गेलें असतें. आज मी त्यांना पोंचवून आलें."

'पोंचविणें' ह्या एका शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. पाहुण्याला गाडीपर्यंत नेणें हा एक, आणि मृताला स्मशानापर्यंत नेणें हा दुसरा. दोन्ही अर्थांत आपण वाटेंतून परत येतों आणि दुसरा पुढें जातो. आम्ही भाषेचे शिक्षक. तीस वर्षें मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले. पण हे दोन अर्थ एकच आहेत हें आम्हांस त्या दिवशीं बडनेऱ्याच्या रस्त्यावर समजलें.

त्या दिवसानंतर चहाच्या वेळचें आमचें प्रवचन बंद पडलें. आम्हीं ज्याला शांति म्हणत होतों ती खोटी होती असें नव्हे. परंतु ती माणसांपासून दूर जाण्यानें मिळालेली, आणि आपल्या वांट्याचे पेले दुसऱ्याच्या हातांत ठेवून विकत घेतलेली होती. वहिनींना जें मिळालें तें एका माणसाच्या दिशेनें चालल्यानें मिळालें. ज्या ठिकाणीं पोंचणें शक्य नाहीं, त्या ठिकाणाकडे चार पावलें टाकलीं तरी मनाला कांहींतरी पोंचल्यासारखें होतें. ह्याचा शास्त्रीय खुलासा आम्हांस करतां येणार नाहीं. पण वारी चालणाऱ्या समाजाला त्याचा खुलासा लागूं नये. त्या वर्षींची आषाढी १ जुलैला होती. शेगांवच्या गजानन महाराजांची पायीं दिंडी, जी दरवर्षीं अकोल्यावरून पुढें जाते, ती त्या वर्षीं निघाली नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतल्या कौंडण्यपुराहून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेराहून, चार शतकांची परंपरा सांगणारी जी पालखी पंढरपुरास जाते, तीही त्या वर्षीं मोजक्या माणसांनिशीं मोटारीनें गेली. लोक हळहळले ते पंढरी अंतरली म्हणून जितके, तितकेच चालणें अंतरलें म्हणून. ज्या अंबादेवीच्या देवळांतून श्रीकृष्णानें रुक्मिणीला नेलें अशी आख्यायिका आहे, तें देऊळ आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. रुक्मिणी रथांतून गेली हें सर्वांना ठाऊक आहे. तिला कधीं माहेरच्या वाटेनें चार पावलें चालावेंसें वाटलें असेल काय, हें विचारण्याचें आम्हांस आजवर सुचलें नव्हतें.

घरांत थोडी व्यवस्था बदलली. ती आम्हीं सुचविली असें लिहिण्याचा मोह होतो. पण ती आमच्या कन्येनें सुचविली. तिनें माजघराच्या भिंतीवर एक कागद लावला; त्यावर अकरा नांवें आणि प्रत्येकापुढें अर्धा तास. ज्याचा अर्धा तास असेल त्याला त्या वेळांत कोणीं हांक मारावयाची नाहीं आणि कोठें गेलां होतां म्हणून विचारावयाचेंही नाहीं. सकाळचे पेले विसळण्याचें काम आमच्याकडे आलें. पहिल्या आठवड्यांत दोन फुटले. दादांनीं गच्चीवर फेऱ्या घालावयास आरंभ केला. आई अंगणांत कडुनिंबाभोंवतीं काठी टेंकीत पांच प्रदक्षिणा घाली आणि मग "माझा वेळ अजून उरला आहे" असें बजावून तुळशीपाशीं डोळे मिटून बसे. आमच्या कुटुंबानें पहिले तीन दिवस आपल्या अर्ध्या तासांत पोह्याचे पापड लाटले. चौथ्या दिवशीं ती बाहेर पडली, आणि परत आली ती गात आली. तिला गातां येतें हें आमच्या मुलांना त्या दिवशीं समजलें.

चार्जरवरचीं भांडणें थांबलीं नाहींत. तीं लौकर मिटूं लागलीं, एवढेंच.

२ सप्टेंबरपासून जिल्ह्याबाहेर जाण्यास परवान्याची गरज उरली नाहीं. त्याच आठवड्यांत पुतण्यानें वहिनींना मोटारीनें अकोल्यास नेलें. बरोबर आम्हीही होतों. मूर्तिजापूर गेलें, अकोल्याचीं घरें दिसूं लागलीं, आणि टॉवर चौकांत येतांच वहिनींनीं मोटार थांबवावयास सांगितली. "तुम्ही पुढे व्हा. मी चालत येतें." पुतण्या कांहीं बोलणार होता, तो आम्हीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही जठारपेठेंत त्यांच्या भावाच्या दारांत उभे राहून वाट पाहिली. कांहीं वेळानें वहिनी गल्लीच्या तोंडाशीं दिसल्या. ह्या वेळीं त्यांची चाल घाईची नव्हती. दारांत भाऊ पायांवर पाणी घालावयास तांब्या घेऊन उभा होता. त्याला पाहून त्या प्रथमच मोठ्यानें रडल्या. तें रडणें तीन महिने वाटेंत होतें.

पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें सांथीची दुसरी लाट महाराष्ट्रांत जेथें सर्वांत आधीं उसळली त्यांत आमचें अमरावती होतें, आणि २२ फेब्रुवारीच्या रात्रीं आठपासून गांव पुन्हा बंद झालें. त्या लाटेंत आमच्या गल्लींतल्या दोन घरांतलीं माणसें गेलीं; आमच्या घरांतलीं आजारी पडून उठलीं. हें दैव; त्यांत आमचें कर्तृत्व कांहीं नाहीं. भिंतीवरचा कागद त्या दिवसांत जीर्ण झाला, तेव्हां सूनबाईंनीं दुसरा लिहून लावला.

आतां सारें पूर्ववत् झालें आहे. बडनेऱ्याच्या रस्त्यावर भोंगे आहेत, धूर आहे, रुळांची चकाकी परत आली आहे. आई गेल्या, म्हणजे पूर्ण वयानें आणि सर्वांच्या देखत. वहिनी त्या दिवशीं आम्हां पुरुषांबरोबर स्मशानापर्यंत आल्या, आणि त्यांना कोणीं नको म्हटलें नाहीं. भिंतीवरचा कागद आतां उरलेला नाहीं. त्याची गरज उरली नाहीं असें म्हणण्याइतके आम्ही सुधारलों आहोंत कीं नाहीं, हें आमच्या घरांतल्या बायकांनीं सांगावयाचें आहे.

वहिनी मात्र रोज सकाळीं रिकाम्या हातांनीं बाहेर पडतात. कोठपर्यंत जातात तें आम्हांस ठाऊक नाहीं. परत आल्यावर उंबऱ्याशीं चपला काढतांना त्या हळूच "पोंचलें" असें म्हणतात. आम्ही त्या वेळीं मोरीवर पेले विसळीत असतों, आणि ऐकलें न ऐकलेंसें करतों.